सोनेरी घुमटाखालचा छापखाना

१५ जून २०२३ ला कुमठ्याच्या सिद्धेश्वर साखर कारखान्यातली सहवीज प्रकल्पाची चिमणी पाडली, ती अख्ख्या सोलापूरने पाहिली. कुणी गच्चीवरून, कुणी मोबाइलवर. सुमारे ९० मीटर उंच काम काही सेकंदांत धुळीत बसलं. ती उंची अजून डोळ्यांपुढे असेल, तर पुढचं समजायला सोपं जाईल. कारण जवळपास तेवढीच उंच कचेरी १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राने बांधली होती. घुमटाच्या माथ्यापर्यंत ३०९ फूट, म्हणजे ९४ मीटर. त्यावरची काठी धरली तर साडेतीनशेच्या घरात. वर्तमानपत्राचं नाव ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’, मालक जोसेफ पुलित्झर, वास्तुविशारद जॉर्ज बी. पोस्ट. बाहेरच्या भिंती विटांच्या, तळाशी ८८ इंच जाड. आपली नऊ इंची भिंत डोळ्यांपुढे आणा आणि तशा जवळजवळ दहा एकाला एक चिकटवा.

ही इमारत १९५५ मध्ये पाडली. आज तिथून ब्रुकलिन पुलाकडे गाड्या चढतात.

पुलित्झरने ‘वर्ल्ड’ १८८३ मध्ये जे गूल्ड या रेल्वेसम्राटाकडून ३,४६,००० डॉलरला विकत घेतला. अंक दोन सेंटचा, भाषा सोपी, वाचक मुख्यतः कामगार आणि नुकतेच जहाजातून उतरलेले परदेशी. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या चौथऱ्याला पैसे कमी पडले, तेव्हा १८८५ मध्ये याच पत्राने वर्गणी काढली आणि सव्वा लाखाच्या आसपास माणसांकडून एक लाखावर डॉलर जमवले. बहुतेकांची वर्गणी एक डॉलरच्याही आतली होती. असं पत्र चार वर्षांत इतकं फुगलं की जुनी जागा पुरेना. १८८८ मध्ये पार्क रो आणि फ्रँकफर्ट रस्त्याच्या कोपऱ्यावरचं फ्रेंचेस हॉटेल ६,३०,००० डॉलरला घेतलं. समोर सिटी हॉल, म्हणजे तिथली महापालिका. कोर्टकचेऱ्या हाकेच्या अंतरावर, शेजारी ‘सन’, ‘ट्रिब्यून’ आणि ‘टाइम्स’. बातमी जिथे जन्मते तिथेच ती छापायची, हा त्या गल्लीचा हिशेब होता. आपल्याकडे इंद्रभुवनाच्या, म्हणजे सोलापूर महापालिकेच्या दारातच सगळ्या दैनिकांच्या कचेऱ्या आणि तळघरात त्यांची मशीनं असती, तर चित्र तसंच दिसलं असतं.

१० ऑक्टोबर १८८९ ला कोनशिला बसली आणि १० डिसेंबर १८९० ला उद्घाटन झालं. मधे अवघे चौदा महिने. खर्च वीस लाख डॉलरच्या आसपास. बांधकाम चालू असतानाच नेली ब्लाय ही ‘वर्ल्ड’ची बातमीदार ७२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आली आणि वाचकांची नजर या पत्रावरून हलली नाही. पुलित्झरची दृष्टी तोवर जवळपास गेली होती. उद्घाटनाला तो हजरही नव्हता. घुमटात त्याच्यासाठी केलेल्या दालनाचं छत चितारलेलं, भिंती नक्षीच्या चामड्याने मढवलेल्या. तिथे बसायची वेळ त्याच्यावर फार थोडी आली. सगळ्या गोष्टीत चटका लावणारा तपशील हाच वाटतो.

आता मजले किती? ‘वर्ल्ड’ स्वतः २६ सांगायचा. नंतरच्या अभ्यासकांनी हिशेब घातला तेव्हा आकडा २० च्या आसपास किंवा त्याहूनही खाली आला. कुणी खोटं बोलत होतं असं सरळ म्हणता येत नाही. तळघर धरायचं का? उंच तळमजल्यातला पोटमाळा हा वेगळा मजला का? घुमटाच्या पोटातले सहा टप्पे, त्यावरचा निरीक्षणाचा सज्जा? आपल्याकडे सुद्धा ‘जी प्लस थ्री’ म्हणताना पार्किंग, जिन्यावरची खोली आणि टाकीचा मजला कुणी धरतो, कुणी सोडतो. म्हणून उंचीची तुलना करायची तर मजल्यांवर कधीच विसंबू नये, फूट किंवा मीटर धरावेत. फुटांच्या बाबतीत वाद नाही. ट्रिनिटी चर्चचा २८१ फुटी कळस या इमारतीने मागे टाकला. १८९४ मध्ये ३४८ फुटांची मॅनहॅटन लाइफ इमारत उभी राहिली आणि हिचा शहरातल्या सर्वांत उंच इमारतीचा मान गेला. चार वर्षं, बस.

खरी गंमत त्या ८८ इंचांत आहे. पुष्कळांना वाटतं, इमारत उंच म्हणून भिंत जाड, जाड म्हणून मजबूत. हिशेब तसा नाही. विटकामाचं वजन घनमीटरला साधारण १,९०० किलो धरा. ५० मीटर उंच सरळसोट भिंत उभी केली तर तळाच्या दर चौरस मीटरवर ९५ टन, म्हणजे चौरस सेंटीमीटरला साडेनऊ किलो दाब येतो. आता भिंत दुप्पट जाड करा. वजन दुप्पट, बूडही दुप्पट, दाब तेवढाच. चुन्यातल्या विटकामावर सात-आठ किलोच्या पुढे जाणं जोखमीचं, त्यामुळे सरसकट जाडी वाढवून काहीच पदरात पडत नाही. उपाय एकच, वरची भिंत बारीक ठेवायची आणि खाली येताना टप्प्याटप्प्याने वाढवायची, म्हणजे वरचं वजनच कमी होतं. भुईकोट किल्ल्याच्या बुरुजाला जो उतार असतो, तो हाच उपाय, फक्त बाहेरून दिसतो. शहरातल्या इमारतीत बाहेरची रेषा सरळ ठेवावी लागते, म्हणून सगळी जाडी आतल्या बाजूला सरकते आणि तळमजला खाते.

किती खाते ते पाहा. उदाहरणादाखल १०० फूट बाय १०० फूट जागा घेऊ. चारी बाजूंनी सात फुटी भिंत घातली तर आत उरतात ८६ बाय ८६, म्हणजे ७,३९६ चौरस फूट. दहा हजारांतले २,६०० गेले. दीड फुटी भिंत असती तर ९,४०९ उरले असते. नवी पेठेत दुकानाची दोन फूट रुंदी गेली तरी काय होतं हे व्यापाऱ्याला विचारा. इथे चवथ्या हिश्शाहून जास्त जागा भिंतीत पुरली जाते, आणि तीही तळमजल्यावर, जिथे भाडं सगळ्यात जास्त.

पोस्टला हे कळत नव्हतं असं अजिबात नाही. त्याने मधला मार्ग काढला. मजल्यांचं आणि घुमटाचं वजन आतल्या लोखंडी खांब-तुळयांच्या पिंजऱ्यावर घेतलं, आणि बाहेरच्या भिंतींनी मुख्यतः स्वतःचं वजन पेलायचं ठेवलं. शिकागोत १८८५ मध्येच होम इन्शुरन्स इमारतीने सांगाड्याची, म्हणजे भिंतींऐवजी लोखंडी चौकटीवर वजन घेण्याची, दिशा दाखवली होती. न्यूयॉर्कमध्ये १८८९ मध्ये टॉवर बिल्डिंग सांगाड्यावर उभी राहिली, कारण तिचा प्लॉट रस्त्यावर जेमतेम साडेएकवीस फूट रुंद होता. जाड भिंती घातल्या असत्या तर आत बोळच उरला असता. पण शहराच्या बांधकाम नियमांत सांगाड्याची रीतसर तरतूद १८९२ मध्ये आली. म्हणजे ‘वर्ल्ड’ची इमारत नियम बदलायच्या दोन वर्षं आधी पुरी झाली. आमच्या मते तिच्या पुढच्या नशिबातलं बरंचसं याच दोन वर्षांत आहे. ती कमकुवत कधीच नव्हती. ती फार लवकर जुन्या पद्धतीची झाली.

आता छापखान्याकडे येऊ, कारण इमारत शेवटी त्याच्यासाठी होती.

छपाईची यंत्रं तळघरात. मधले बरेच मजले भाड्याने दिलेले. वर १२ व्या मजल्यावर खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं जुळवणारे कंपोझिटर, आणि घुमटात संपादकीय खातं. आज पाहणाऱ्याला हे उलटं वाटेल. इतकं जड शिसं बाराव्या मजल्यावर कशासाठी चढवायचं? कारणं व्यवहाराची आहेत. बारीक खिळे वाचायला उजेड लागतो आणि तो वर भरपूर मिळतो. शिसं वितळवताना होणारी उष्णता आणि वाफ वरून निघून जाते, भाडेकरूंच्या नाकात जात नाही. संपादक आणि जुळारी जवळ असले की शेवटच्या घटकेला आलेली बातमी पानात घालायला जिने चढावे-उतरावे लागत नाहीत.

वजनाचा अंदाज घ्या. खिळ्याची उंची ०.९१८ इंच, म्हणजे २.३३ सेंटीमीटर. पान ४० बाय ५५ सेंटीमीटरचं धरलं आणि मिश्रधातूचं वजन घनसेंटीमीटरला साडेदहा ग्रॅम धरलं, तर चौकटीत आवळलेलं एक भरगच्च पान पन्नासेक किलोंचं होतं. आठ पानं म्हणजे चारशे किलो, शिवाय खिळ्यांचे केस, दगडी टेबलं, जुळवलेल्या ओळी ठेवायच्या गॅली, माणसं. असा मजला घरगुती हिशेबाने बांधून चालत नाही.

हे पन्नास किलोंचं पान यंत्रावर चढत नसे. रोटरी यंत्राचा सिलिंडर गोल, खिळे सपाट. म्हणून पानावर ओलसर कागदी लगदा-पुठ्ठ्याचा थर, ज्याला छापखान्यात फ्लाँग म्हणत, दाबून बसवायचा. खिळ्यांचा ठसा त्यात उमटला की तो तापवून पूर्ण कोरडा करायचा. मग अर्धगोल साच्यात वाकवून त्यावर शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा रस ओतायचा. निघाली ती अर्धगोल स्टिरिओ प्लेट, पंधरा-वीस किलोंची. एका फ्लाँगवरून हव्या तितक्या प्लेटा ओतता येतात, त्यामुळे तेच पान एकाच वेळी चार यंत्रांवर चालतं. बिघडण्याच्या जागाही इथेच. फ्लाँगमध्ये ओल राहिली तर रस पडताच वाफ होते आणि अक्षरांत फोड येतात. रस फार गरम असेल तर फ्लाँग करपतो, थंड असेल तर बारीक टाइपाच्या रेघा भरत नाहीत. साचा थंडगार असेल तर पहिली प्लेट हमखास वाया जाते, म्हणून ती ओतून मोडायचीच, असा रिवाज. ज्यांनी खिळ्यांच्या काळातला छापखाना पाहिला आहे त्यांना तो शिशाचा उग्र वास अजून आठवत असेल.

शेजारच्या ‘ट्रिब्यून’ने १८८६ मध्ये ओटमार मर्गेनथालरचं लायनोटाइप जगात पहिल्यांदा रोजच्या कामाला लावलं. खिळे एकेक उचलण्याऐवजी कळा दाबून अख्खी ओळ ओतायची. ‘ट्रिब्यून’ची इमारत रिचर्ड मॉरिस हंटची, १८७५ मध्ये पुरी झालेली, मनोऱ्यासह २६० फूट. लिफ्टच्या भरवशावर उंच बांधलेल्या अगदी पहिल्या कचेऱ्यांपैकी ती एक. लिफ्ट नसती तर चार-पाच मजल्यांच्या वर भाडेकरूच चढला नसता.

तळघरातल्या यंत्राचं मोठं दुखणं म्हणजे हादरा. पूर्व भागात यंत्रमाग तळमजल्यावरच का ठेवतात, हे सोलापूरकराला शिकवायला नको. वरच्या मजल्यावर माग चढवले की धोट्याच्या फेऱ्यांनी स्लॅब नाचतो आणि भिंतीला कोपऱ्यातून तिरकी चीर जाते. रोटरीचंही तेच. यंत्राचा पाया इमारतीच्या पायापासून वेगळा घ्यावा लागतो, मधे फट सोडून ती वाळूने किंवा तशाच मऊ भरावाने भरायची. फट सिमेंटने बुजवली की हादरा थेट खांबांत शिरतो. एमआयडीसीत ऑफसेट यंत्र बसवतानाही हीच काळजी घेतात. फरक इतकाच की आता पान सीटीपीवर, म्हणजे संगणकावरून थेट प्लेट करणाऱ्या यंत्रावर जातं, प्लेट पातळ अ‍ॅल्युमिनियमची, हातात धरून नेता येते, आणि मजकूर तारेतून पोचतो. म्हणून कचेरी शहरात आणि छपाई अक्कलकोट रोडला किंवा चिंचोळीला, हे जमतं. शिशाच्या प्लेटांच्या दिवसांत दोन्ही एकाच छपराखाली असणं भाग होतं. ती इमारत तशी उभी होती त्यामागे गर्व होताच, पण हे तांत्रिक कारणही होतं.

या सगळ्या गल्लीत कारागिरी म्हणून सर्वांत अवघड काम ‘टाइम्स’च्या इमारतीचं, असं आमचं मत. वास्तुविशारद पुन्हा पोस्टच. १८८८-८९ मध्ये जुनी इमारत उतरवत, तिच्याच जागी नवी चढवायची, आणि मधे एकही दिवस अंक चुकवायचा नाही. जुन्या इमारतीचे काही मजले आणि तळातली यंत्रं जागच्या जागी ठेवून भोवती नवं काम उभं केलं. डोक्यावर बांधकाम, खाली रोजची छपाई. ती इमारत, ४१ पार्क रो, आज पेस विद्यापीठाकडे आहे आणि उभी आहे. तिन्ही शेजाऱ्यांत तीच टिकली.

गल्ली ओस पडू लागली ती पत्रं वरच्या भागात सरकल्यामुळे. ‘हेरल्ड’ने १८९० च्या दशकातच जागा बदलली, ‘टाइम्स’ १९०५ च्या सुमारास ज्या चौकात गेला त्याला त्याचंच नाव पडलं. ‘वर्ल्ड’ तिथेच राहिला, १९०८ पर्यंत वाढीव इमारतही बांधली. २७ फेब्रुवारी १९३१ ला शेवटचा अंक निघाला आणि पत्र विकून ‘वर्ल्ड-टेलिग्राम’मध्ये विलीन झालं. इमारत भाड्याच्या खोल्यांची कचेरी म्हणून उरली, तळघर आणि बारावा मजला आता कशाच्याच कामाचे नव्हते. मग ब्रुकलिन पुलावरची ट्राम १९५० मध्ये बंद झाली, पूल मोटारींसाठी सहा पदरी केला आणि त्या गाड्यांना पार्क रोवर उतरायला जागा हवी झाली. ती जागा या इमारतीने दिली. ‘ट्रिब्यून’ १९६६ मध्ये गेली. न्यूयॉर्कचा वारसा इमारतींचा कायदा त्याच्या आदल्याच वर्षी, १९६५ मध्ये झाला होता, तरी ती वाचली नाही.

अशी इमारत चिमणीसारखी सुरुंग लावून पाडता येत नाही. चिमणी मोकळ्या आवारात असते, पडायला एक दिशा मिळते. दाट वस्तीत एकच वाट, ज्या क्रमाने चढवली त्याच्या उलट क्रमाने उतरवायची. घुमटाचे तांब्याचे पत्रे, मग त्याच्या फासळ्या, मग एकेक मजला. दोन पद्धतींच्या इमारतीत धोका सांध्यात असतो. बाहेरची भिंत स्वतःचं वजन पेलते खरी, पण आडवी पडू नये म्हणून ती मजल्यांना लोखंडी पट्ट्यांनी बांधलेली असते. मजले भराभर मोकळे केले की भिंत आधाराविना एकटी उभी राहते आणि वाऱ्यानेही झुकते. म्हणून एका मजल्याची फरशी काढली की तेवढ्याच उंचीची भिंत लगेच उतरवायची, पुढे पळायचं नाही. मलबा खालच्या मजल्यावर साठू द्यायचा नाही. विटांचा एक मीटर ढीग म्हणजे चौरस मीटरला दीड टनाच्या आसपास, आणि कचेरीचा मजला त्यासाठी केलेला नसतो.

जुन्या वाड्यांच्या पाडकामात सोलापुरात नेमकं इथेच चुकतं. सागवानी तुळया आणि कडीपाट विकले जातात, म्हणून ठेकेदार आधी तेच ओढून काढतो. धाब्याची माती खाली कोसळते, पांढऱ्या मातीच्या भिंती एकट्या राहतात आणि पहिल्या पावसात शेजाऱ्याच्या अंगावर येतात. लाकूड शेवटी, भिंतीबरोबर उतरवा. लाकडाचा भाव आठवड्याने कमी होत नाही.

आणि पाडायच्या आधी दोन दिवस मोजमापाला द्या. गिरण्यांच्या किती शेड आणि किती जुने छापखाने एकही माप न घेता गेले. मजले मोजण्याऐवजी जिन्याच्या पायऱ्या मोजा आणि एका पायरीची उंची घ्या, इमारतीची उंची तिथेच मिळते. भिंतीची जाडी प्रत्येक मजल्यावर खिडकीच्या गाळ्यात टेप लावून घ्या, वर-खाली फरक दिसला की भार कसा उतरतो ते कळतं. विटेची तिन्ही मापं घ्या. बिडाच्या खांबावर ओतीव अक्षरांत कारखान्याचं नाव बहुधा तळाशी असतं, रंग खरवडून पाहा. लोखंडी तुळयांमधल्या विटांच्या कमानींचा गाळा मोजा. मशीनच्या पायातले बोल्ट आणि त्यांच्यातलं अंतर टिपा, त्यावरून कोणतं यंत्र होतं हे जाणकार सांगतो. फोटो काढताना चौकटीत एक फूटपट्टी ठेवा, नाहीतर पुढच्याला त्या फोटोचा उपयोग निम्माच.

‘वर्ल्ड’च्या इमारतीतून रंगीत काचेची एक खिडकी वाचली. दोन पृथ्वीगोलार्धांच्या मधे स्वातंत्र्यदेवता. ती कोलंबिया विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागात बसवली आहे आणि त्या दालनाला ‘वर्ल्ड रूम’ म्हणतात. कोनशिला सगळ्यात आधी बसते म्हणून पाडकामात सगळ्यात शेवटी हाती लागते. तिच्यातली तांब्याची पेटीही कोलंबियाकडेच गेली. आत १८८९ ची वर्तमानपत्रं आणि छायाचित्रं होती.